रांजणमावशींचे बूच

रांजणमावशींना पाणी फेकलेले खपत नसे. एखाद्या मुलीने पेल्यात उरलेले घोटभर पाणी अंगणात भिरकावले, की कुठून तरी त्यांचा आवाज यायचा, "अगं बये, थांब!" मुलगी दचकून जागच्या जागी उभी राहायची. मावशी लगबगीने येऊन तिच्या हातातला पेला काढून घ्यायच्या आणि तळाशी राहिलेले दोन थेंब भिंतीशी ठेवलेल्या एका कानतुटक्या घागरीत निथळवायच्या. पाट्या धुतलेले पाणी, हात धुतलेले पाणी, मी तांदूळ धुवायची ते पाणी, सगळे त्या घागरीत जायचे. "उष्टं पानी मानसाला चालत न्हाई, झाडाला चालतं," असे त्यांचे म्हणणे.

भोरला मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून गेले तेव्हा संस्थानचा अंमल होता. माझे वय एकवीस. लग्नानंतर दीड वर्षात कपाळ पांढरे झालेले आणि पुण्याला भावाने पुढे शिकवून मास्तरणीची परीक्षा द्यायला लावलेली. शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती, ती मला राहायला मिळाली. तिच्या शेजारच्या पडवीत मावशी राहायच्या. शाळेच्या ओट्यावर कमरेएवढे दोन रांजण होते. नदीकडच्या विहिरीवरून पाणी आणून ते रोज भरायचे आणि मधल्या सुट्टीत मुलींना ओगराळ्याने पाणी वाढायचे, हे मावशींचे काम. हजेरीपटावर त्यांचे नाव असणार, पण ते घेऊन कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. मुली रांजणमावशी म्हणायच्या, आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्याही तसेच म्हणायच्या.

मावशी मूळच्या हिर्डोशीच्या, वरंध घाटाकडच्या. भाताची चार खाचरे, वर डोंगरात नाचणी, असे शेतकऱ्याचे घर. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत गेले. पहिली दोन वर्षे शिमग्याला यायचे, मग येईनासे झाले. भांडण नाही, तंटा नाही, नुसते येईनासे झाले. दीर-जावेच्या घरात आपण कोण म्हणून राहायचे, हा प्रश्न मावशींनी आपल्यापुरता सोडवला. एका बाजाराच्या दिवशी त्या गावच्या माणसांबरोबर चालत भोरला आल्या आणि इथेच राहिल्या. हे सगळे त्यांनी मला एकदाच सांगितले, भाकरी थापता थापता, आणि पुन्हा कधी काढले नाही.

झाड मी आणले होते. पुण्याला मी शिकत होते त्या आवारात बुचाची झाडे होती. सरळ उंच वाढणारे झाड, आणि दिवाळीच्या सुमाराला त्याला लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचे घोस येतात. फुले संध्याकाळी उमलतात आणि सकाळी आपली आपण खाली पडतात. आम्ही मुली वर्ग भरण्यापूर्वी ती वेचायचो आणि सुईदोऱ्यावाचून, नुसते देठात देठ गुंफून वेण्या करायचो. मी घालायची नाही, करून दुसऱ्यांना द्यायची. पण बोटांना वास राहायचा, आणि तो कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. भोरला पहिली दिवाळी आली तेव्हा मला आईची आठवण आली नाही इतकी त्या वासाची आली. सुट्टीत पुण्याला गेले आणि तिथल्या माळ्याला गाठले. तो म्हणाला, "ह्याला इकडं बी धरत नाही बाई. मुळाला पिलं फुटतात, तीच लावायची." त्याने एक वीतभर पिलू खणून काढले आणि मातीसकट डब्यात घालून दिले.

तो डबा मांडीवर घेऊन मी मोटारीत बसले. वाटेत शिवऱ्याला इंजिनात पाणी घालायला ड्रायव्हर उतरला, तेव्हा मीही उतरले आणि त्याच्याकडून ओंजळभर पाणी पिलासाठी मागून घेतले. इतके करूनही भोरला पोचेपर्यंत त्याची सगळी पाने गळली. डब्यात उरली ती एक काडी.

"ह्ये काय बाई, पुन्यास्नं काटकी आनली व्हय?" मावशींनी विचारले.

मी रडकुंडीला आले होते. त्यांनी डबा हातात घेतला आणि काडीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवे होते. "जित्ती हाय," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून ते झाड माझे राहिले नाही, त्यांचे झाले.

शाळेचे अंगण म्हणजे नुसता मुरूम. मावशींनी पहारीने तीन दिवस खड्डा खणला. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे घातले, वर नदीचा गाळ भरला. गावाबाहेर धनगरांचा कळप उतरला होता, तिथे जाऊन पाटीभर लेंडीखत घेऊन आल्या. त्याच्या बदल्यात धनगरणीने काय मागितले, असे मी विचारले. "काय न्हाई. तिच्या सुनंचं म्हायेर आमच्या हिर्डुशीच्या अंगाला हाय. तिकडचं बोलत बसलो दोगी," एवढेच त्या म्हणाल्या. काडी लावून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि विचारले, "फुलाचा वास कसा आसतो वो?"

"जाईसारखा," मी म्हणाले. "नाही, जाईसारखा नाही. त्याहून थंड."

"थंड वास?"

"म्हणजे, पहाटेच्या हवेसारखा."

मावशींना हे काही पटले नाही. "मास्तरीण हाय आनि सांगता येईना! बरं, फुलं येनार कवा?"

"सात-आठ वर्षं लागतील."

"मंग लई येळ हाय," त्या हसून म्हणाल्या. "तवर आमचं ह्ये बी येतील."

मावशींना लिहिता येत नव्हते. वर्षातून चार वेळा, आखाडात, दसऱ्याला, संक्रांतीला आणि शिमग्याला, त्या माझ्याकडून मुंबईला कार्ड लिहून घ्यायच्या. पत्ता एका जुन्या, घडीवर फाटलेल्या कागदावरचा. मजकूर थोडका. खुशालीची दोन वाक्ये आणि मग झाड. झाड गुडघ्याला आलं. झाड कमरंला आलं. औंदा झाडानं पानं टाकली न्हाईत. तुम्ही कसे आहात, केव्हा याल, काही पाठवा, असे एक अक्षर त्या सांगत नसत. एकदा मला राहवले नाही आणि मी आपल्या मनाने शेवटी लिहिले, "आपले येणे केव्हा होईल ते कळवावे." लिहिलेले वाचून दाखवायचा आमचा नेम होता, तेव्हा तेही वाचावे लागले. मावशींनी कार्डावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "खोडा त्ये बाई. बलावल्यावर येनारा मानूस आपलाआपन बी आला आसता." मी खोडले. उत्तर कधीच आले नाही. पण कार्डही परत येत नव्हते, आणि त्यावर मावशींचा भरवसा होता. "माघारी येत न्हाई न्हवं? मंग पोचतंय."

दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या काट्या बाजूला सारून एक शेळी आत शिरली आणि तिने झाडाचा शेंडा खाल्ला. मी वर्गातून धावत आले तेव्हा मावशी शेळीच्या कानाला धरून उभ्या होत्या. तिला काहीही न बोलता त्यांनी बाहेर नेऊन सोडले. मग विळ्याने कुरतडलेला भाग साफ कापला आणि वर शेणाचा गोळा थापला. पंधरा दिवसांत तिथून दोन फुटवे आले. मी हरखले. मावशींनी त्यातला एक अंगठ्याने मोडून टाकला. मी ओरडलेच. "एका मांडवात दोन नवरदेव न्हाई चालत बाई," त्या म्हणाल्या. त्या दसऱ्याच्या कार्डात शेळीचे लिहू का, असे मी विचारले. "नगं. झाड बरं हाय म्हून लिवा. लांबच्या मानसाला वंगाळ कळवू न्हाई."

वैशाखात विहीर तळाला जायची आणि दोन रांजण भरायचे म्हणजे कसरत व्हायची. तेव्हा मावशींनी एक चीर गेलेले मडके बुंध्याजवळ गळ्यापर्यंत पुरले. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातली होती. घागरीतले ते साठवलेले पाणी त्या रोज संध्याकाळी मडक्यात ओतायच्या, आणि ते रात्रभर थेंब थेंब मुळाशी जायचे. झाडाचा बुंधा मनगटाएवढा झाला, मग मांडीएवढा. साल जाड, मऊ, भेगाळलेली झाली. मावशी तिचे तुकडे कापून मुलींच्या शाईच्या दौतींना बुचे करून द्यायच्या. दर वर्षी भोवतीने पिले उगवायची, ती त्या खुरप्याने काढून टाकायच्या, पण फेकताना प्रत्येक वेळी थोड्या थबकायच्या.

एक संक्रांत मी विसरू शकत नाही. शाळेत हळदीकुंकू होते. गावातल्या बायका जरीची लुगडी नेसून आल्या होत्या, ओट्यावर हसण्याबोलण्याचा गलबला होता. मी अर्थातच माझ्या खोलीत वह्या तपासत बसले होते. दार लोटून मावशी आत आल्या. हातात खुरपे. "चला बाई, झाडाला आळं करायचं हाय."

"आत्ता? मावशी, तुम्हाला बोलावतील ना तिकडे. तुमचं तर..." मी अडखळले.

"माजं कुंकू हाय का न्हाई त्ये मलाच ठावं न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिथं बसून काय करू? त्यापरीस आळं बरं."

आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी आळे केले. माझी नखे मातीने भरली. ओट्यावरचा गलबला ओसरेपर्यंत मावशी काही ना काही काम काढत राहिल्या आणि मला आत जाऊ दिले नाही. मी भोरला राहिले ती त्यांच्यामुळे. नाहीतर दोन वर्षांत भावाकडे परत गेले असते आणि त्याच्या मुलांचे डबे भरत बसले असते.

झाड कौलांच्या वर गेले. सातवे वर्ष लागले. त्या दसऱ्यानंतरच्या बाजाराला हिर्डोशीचा एक माणूस शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मावशी पाणी वाढत होत्या. त्याने फाटकातूनच सांगितले, "वैनी, दादा आल्यात म्हमईस्नं. घरीच हायेत. लई खंगल्यात. दम लागतुया." मावशींच्या हातातले ओगराळे रांजणाच्या काठावर तसेच थांबले. समोरची मुलगी पेला पुढे करून उभी होती. मावशींनी तिचा पेला भरला, तिच्या मागच्या सगळ्या मुलींचे पेले भरले, आणि मग रांजणावर झाकण ठेवून त्या माझ्याकडे आल्या.

"उद्या जाते म्या, बाई."

मला संताप आला. त्यांच्यावर नाही, त्या न पाहिलेल्या माणसावर. "इतक्या वर्षांत एक ओळ नाही, मावशी. आणि आता अंथरुणाला खिळल्यावर तुमची आठवण झाली?"

"त्यांनी कुटं बलावलंय? त्यो दुसराच मानूस सांगून गेला."

"मग जाता कशाला?"

मावशी पदराने हात पुसत राहिल्या, कोरडे झाल्यावरही पुसत राहिल्या. "जावंला दोन ल्हान पोरं हायती, भात कापायला आलंय. तिनं काय काय बगायचं? आनि मानूस धापा टाकत पडलं आसंल, तर पानी कोन देनार त्याला?" मग हळूच म्हणाल्या, "एकडाव बगायचं बी हाय मला. एवडं काय झालं व्हतं त्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन त्या निघाल्या. झाडापाशी थांबल्या नाहीत. मी फाटकापर्यंत गेले तर म्हणाल्या, "मडक्यात पानी ओता. आता मोठं झालंय, न्हाई ओतलं तरी चालंल. पन ओता."

आठवडाही झाला नसेल. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी खोलीचे दार उघडले आणि तो वास आला. मी उंबऱ्यातच खाली बसले. वर पाहिले तर शेंड्याला पहिले घोस. सकाळी अंगणात पंचवीस-तीस फुले पडली होती. मुली ती वेचायला धावल्या. मी त्यांना म्हणाले, आजची मला द्या. बाजाराला आलेल्या माणसाकडे पुडी करून हिर्डोशीला पाठवली. पुढच्या बाजाराला तो म्हणाला, पुडी गाडीत कुठे पडली कळले नाही. तेव्हा मी ठरवले की आपणच जायचे.

दिवाळीची सुट्टी लागली. मोठ्या बाईंनी ओळखीची बैलगाडी पाहून दिली. गाडीवान म्हातारा होता आणि त्याची बायकोही बरोबर होती. तांबडे फुटायच्या सुमाराला मी अंगणातली फुले ओल्या फडक्यात गुंडाळली, केळीच्या पानात ठेवली आणि पितळेच्या डब्यात घातली. नदीच्या कडेकडेने गाडी दिवसभर चालली. दोन्ही अंगाला पिवळी भातखाचरे होती, कापणी चालू होती. उन्हे उतरताना आम्ही हिर्डोशीला पोचलो.

ओसरीवर घोंगडीवर एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. गालफडे बसलेली, खांदे श्वासागणिक वर उचलले जात होते. मी कोण ते गाडीवानाने सांगितले. त्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिले.

"कारडं लिवनाऱ्या बाई तुमीच?"

मी चमकले. "पोचत होती?"

"समदी पोचली. खोलीत एक वाचनारा व्हता, त्येच्याकडनं वाचून घ्यायचो." दम खायला ते थांबले. "पयल्यानं वाटायचं, औंदा जाऊ, पुढल्या साली जाऊ. मंग कारड यायचं, झाड कमरंला आलं. मंग यायचं, डोक्याच्या वर गेलं. झाड वाढत गेलं तसं मला येनं जड व्हत गेलं, बाई. कोन्च्या तोंडानं यायचं? ती काय मागत बी नव्हती. शिवी जरी दिली आसती तरी आलो आसतो."

त्या माणसाचा राग मी भोरहून बरोबर घेऊन गेले होते. तो तिथे कुठे ठेवावा ते मला कळेना. मी त्यांना पाण्याचा तांब्या पुढे केला.

मावशी खाचरातून आल्या, डोक्यावर भाताचा भारा, कमरेला विळा. मला पाहून त्यांनी भारा तसाच अंगणात टाकला. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढले. फुलांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या, देठ मलूल झाले होते. पण वास होता. मावशींनी डबा दोन्ही हातांनी चेहऱ्याजवळ नेला आणि डोळे मिटले. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या कोण जाणे. जाऊ दारात येऊन उभी राहिली, तिची मुले येऊन उभी राहिली.

"आसा व्हय," मावशी म्हणाल्या. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमाला सांगता आलं न्हाई, त्यात तुमची काय चूक न्हाई."

त्यांनी डबा नेऊन यजमानांच्या उशाशी ठेवला. "ह्ये बगा. त्येच झाड," एवढेच बोलल्या. त्या माणसाने एक फूल उचलले आणि मुठीत धरून भिंतीकडे तोंड केले. त्यांच्यात त्याआधी काय बोलणे झाले होते किंवा पुढे झाले, ते मला कधी कळले नाही. मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले.

मावशी परत आल्या नाहीत. शाळेने दुसरी बाई ठेवली. दर वर्षी दिवाळीला झाड फुलायचे, मुली वेण्या करायच्या. मी कार्डे लिहायची, आता मुंबईऐवजी हिर्डोशीला, पण तिथे ती वाचणारे कोणी होते की नाही कोणास ठाऊक. तिकडे महायुद्ध सुरू झाले, इथे रॉकेल मिळेनासे झाले, आणि अशाच एका वैशाखात वळवाच्या वादळात झाड मधोमध चिरले. बुचाचे लाकूड ठिसूळ असते. अर्धे झाड शाळेच्या कौलांवर आडवे झाले. सुट्टी होती म्हणून कोणाला लागले नाही. उरलेला अर्धा भाग छपराला धोका म्हणून तोडावा, असे मोठ्या बाईंनी ठरवले. मी विरोध करू शकले नाही, कारण त्यांचे बरोबर होते. मी फक्त बाजारच्या माणसाबरोबर हिर्डोशीला निरोप धाडला.

श्रावणात, लावणी उरकल्यावर, मावशी आल्या. घोंगडीची खोळ डोक्यावर, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. खोळ काढली तेव्हा मला त्यांचे मोकळे कपाळ दिसले.

"केव्हा?" मी विचारले.

"वरीस झालं. आखाडात."

"मला कळवलं नाहीत, मावशी."

"लिवनार कोन?" त्या म्हणाल्या, आणि त्यात तक्रार नव्हती.

बुंध्याजवळ त्या बराच वेळ उकिडव्या बसल्या. झाड तोडल्याने मुळांनी जोर धरला होता आणि सबंध अंगणभर पिले उगवली होती, भिंतीच्या कडेने, ओट्याच्या पायरीखाली, फाटकापर्यंत. मावशी चार दिवस राहिल्या. चारही दिवस भुरभुर पावसात त्यांनी एकेक पिलू मातीसकट खणून काढले. मग वर्गावर्गांतून मुलींना बोलावले आणि ज्यांच्या दारी जागा आहे त्यांना एकेक दिले. देताना प्रत्येकीला बजावत होत्या. "भितीजवळ लावू नगंस, मुळं भिताडात शिरत्यात. शेळीपास्नं राख. फुटवे दोन आले तर एक मोड, जीव घट करून मोड." आपल्यासाठी एक न्या, असे मी म्हणाले. "आमच्याकडं पाऊस लई. त्या टायमाला जाताना गाठुड्यात एक नेलं व्हतं, तुमाला बोलले न्हाई. कुजलं."

शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "मावशी, परत या ना. मोठ्या बाई नाही म्हणणार नाहीत. मी शब्द टाकते."

त्यांनी अंगणाकडे पाहिले. "जावंची पोरं माज्याच हातानं जेवत्यात आता," त्या म्हणाल्या. "याया पायजे व्हतं, पन न्हाई येता येत."

गावाबाहेर रस्त्यापर्यंत मी त्यांना पोचवायला गेले. "येत जावा हिर्डुशीला," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, येते. वळणावरून त्या दिसेनाशा होईपर्यंत मी उभी होते, त्यांनी मागे पाहिले नाही.

आणि मी गेले नाही. पुढच्या वर्षी मला पुण्याच्या शाळेत जागा मिळाली. एका दिवाळीला भाऊ आजारी होता, एका दिवाळीला परीक्षेचे काम होते, तिसऱ्या दिवाळीला काय होते ते आता आठवतही नाही. हिर्डोशी कुठे पळून जाते, असे वाटायचे. भोरच्या एका मास्तरणीच्या पत्रात शेवटच्या ओळीत होते, "आपल्या रांजणमावशी भाद्रपदात तापाने गेल्या असे बाजारच्या माणसाकडून समजले." पत्र मला मिळाले तेव्हा कार्तिक लागला होता.

मी दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने भोरला आले आणि तिथून गाडी करून हिर्डोशीला गेले. आता तिथे जाऊन काय होणार, हे मला कळत होते. ओसरी सारवलेली होती. मुले मोठी झाली होती. जावेने मला बसायला घोंगडी टाकली आणि गुळाचा खडा आणि पाणी आणून दिले. मावशींचे शेवटचे आठ दिवस तिने सांगितले, काय काढे दिले, कोण कोण येऊन गेले, सगळे. मी ऐकत होते. सांगून झाल्यावर ती थोडी घुटमळली.

"बाई, राग मानू नगा, एक इचारते. आमच्या आक्का कामात, बोलन्यात, सारखं आपलं आमची शाळा आमची शाळा करायच्या. तापात बी त्येच. तिथं त्यांचं कोन व्हतं वो?"

"मी होते," मी म्हणाले.